मदत हवी आहे: सगळ्यांना आवडलेला ‘रोमा’ मला मालिकेसारखा का दिसला?

कडेची_खुर्ची:

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण दर महिन्याला एक सिनेमा ठरवतो, आपापल्या घरी बघतो आणि रविवारी फोनवर त्याचा कीस पाडतो. या वेळी आल्फोन्सो कुआरोन या मेक्सिकोच्या दिग्दर्शकाचा ‘रोमा’ (२०१८) होता, मेक्सिको सिटीतल्या एका घराची आणि तिथे कामाला असलेल्या क्लेओची गोष्ट. पाच जण भारावलेले. एकीला तर बोलता बोलता रडू आलं. माझी पाळी आली तेव्हा मी खरं काय ते सांगितलं: कंटाळा आला, आणि सिनेमा पाहतेय असं वाटलंच नाही. कोणीतरी घरातल्या कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग करून ते काळं-पांढरं केल्यासारखं दिसत होतं. माणसं चालताना गुळगुळीत सरकतात, कॅमेरा फिरला की सगळं तेल लावल्यासारखं. दुपारच्या मालिका दिसतात ना, अगदी तसं. शिवाय आवाज. संवाद पुटपुटल्यासारखे, म्हणून आवाज वाढवला, तर कुत्रं भुंकल्यावर दचकले.

यावर सगळे माझ्यावर तुटून पडले. ‘तुला संथ सिनेमा झेपत नाही’ इथपर्यंत गोष्ट गेली. तसं नाहीये हो. ‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा मी दोनदा पाहिलाय, आणि त्यातला कॅमेरा तर जागचा हलतही नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा बोलायचं ठरलंय. ‘रोमा’ सगळ्यांना असाच दिसतो का? की माझं काही चुकतंय? टीव्ही मोठा आहे, नवा आहे, घेतल्यापासून सेटिंगला हात लावलेला नाही. (खरं सांगायचं तर शेवटचा अर्धा तास दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहिला. सव्वापट वेगाने. ओरडू नका.)

---

मंदगती:

सव्वापट वेगाने ‘रोमा’! देव तुमचं भलं करो.

---

जुना_ऑपरेटर:

ताई, वेगाचं नंतर बघू. ‘गुळगुळीत सरकतात’ म्हणालात तिथेच दुखणं कळलं. तुमच्या टीव्हीत मोशन स्मूदिंग चालू आहे. सेटिंगला हात लावला नाही म्हणता, म्हणून तर चालू आहे. बरेच टीव्ही कारखान्यातूनच ते चालू ठेवून येतात.

मी बरीच वर्षं प्रोजेक्टरच्या खोलीत काढली, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. बोलपट आले तेव्हा हा आकडा पक्का झाला, कारण आवाजाची पट्टी फिल्मवरच आली आणि फिल्मचा वेग मागेपुढे झाला की माणसाचा आवाज बिघडायचा. त्याआधी मूकपटांच्या काळात कॅमेरावाला हाताने दांडा फिरवायचा आणि वेग त्याच्या हाताप्रमाणे. तर या २४ चित्रांमुळे सिनेमाच्या हालचालीत एक बारीकसा पुसटपणा आणि थरथर असते. आपल्या डोळ्यांना लहानपणापासून ती ‘सिनेमा’ म्हणून ओळखीची झालेली असते. उलट बातम्या, खेळ, स्टुडिओतल्या मालिका व्हिडिओवर व्हायच्या आणि त्यात सेकंदाला ५० किंवा ६० वेळा चित्र बदलायचं. तो गुळगुळीतपणा म्हणजे डोळ्यांच्या लेखी ‘टीव्ही’.

आता तुमचा टीव्ही काय करतो? दोन चित्रांच्या मधे काय घडलं असेल याचा अंदाज बांधतो आणि स्वतः बनवलेली चित्रं मधे घुसडतो. दिग्दर्शकाने न काढलेली चित्रं! चेंडूच्या मागे धावणाऱ्या खेळाडूला हे शोभतं. ‘रोमा’सारख्या सिनेमात, जिथे कॅमेरा एका जागी उभा राहून हळूहळू खोली न्याहाळत फिरतो, तिथे प्रत्येक फिरण्यात ही भेसळ होते. म्हणून तुम्हाला शूटिंगची कॅसेट दिसली.

बंद कसं करायचं: पिक्चरच्या सेटिंगमध्ये जा. सॅमसंगमध्ये त्याला ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ म्हणतात, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. काही टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ असा थेट पर्याय असतो. तो असेल तर दुसरं काही शोधत बसू नका, एका बटणात हा सगळा आगाऊपणा बंद होतो.

---

पॉपकॉर्नविना:

+१. हे दुखणं इतकं पसरलेलं आहे की डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी या दोघांनी मिळून, शूटिंगच्या जागेवरून, ‘घरच्या टीव्हीवर हे बंद करा हो’ असं सांगणारा व्हिडिओ टाकला होता. विमानांना लटकणाऱ्या माणसाला शेवटी हात टेकावे लागले ते टीव्हीच्या मेनूपुढे! ‘फिल्ममेकर मोड’ त्याच्या पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये जाहीर झाला.

कडेची_खुर्ची, आणखी एक बघा. तुमच्या टीव्हीवर काळं-पांढरं चित्र निळसर दिसत होतं का? ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये तसं होतं. ‘रोमा’ त्यात फार मार खातो, कारण तो आहेच राखाडी छटांचा खेळ. कुआरोनने तो जुन्या फिल्मवर नाही, ६५ मिमीच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलाय. रंगीतच घेतला आणि नंतर रंग काढले. जुनाट, दाणेदार, ‘गेले ते दिवस’ छापाचं चित्र त्याला नकोच होतं. म्हणजे तो मुळातच बराच स्वच्छ दिसतो, आणि त्यावर टीव्हीने आणखी इस्त्री फिरवली तर उरतं काय?

---

कडेची_खुर्ची:

निळसर होतं! मला वाटलं मुद्दामच असेल.

---

तिरकस:

एक विरोधी सूर लावतो. तुम्ही सगळे मिळून त्या बाईंना पटवताय की कंटाळा टीव्हीमुळे आला. आणि समजा सेटिंग बदलूनही आला तर? न आवडण्याचा अधिकार आहे की नाही? ऑस्करमध्ये दिग्दर्शन, छायाचित्रण आणि परभाषी चित्रपट अशी तीन पारितोषिकं मिळाली म्हणून प्रत्येकाने रडायलाच हवं असं नाही.

हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ १९५८ साली आला तेव्हा समीक्षकांनी फार काही डोक्यावर घेतला नव्हता. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमा-मासिकाच्या, सर्वोत्तम सिनेमा निवडणाऱ्या दर दहा वर्षांच्या कौलात १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला, २०१२ मध्ये तिथे ‘व्हर्टिगो’ आणि २०२२ मध्ये शांताल आकरमनचा ‘जान डीलमन’. तोही १९७५ चा, तीन तासांहून लांब, आणि त्यात बाई बराच वेळ बटाटे सोलते. सिनेमे तेच होते, बघणारे बदलले. तेव्हा पाच मैत्रिणींपुढे एकटीने ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्या बाईंचं मला कौतुकच वाटतं.

---

जुना_ऑपरेटर:

तिरकसराव, अधिकार आहेच. पण ज्या सिनेमाबद्दल मत द्यायचं तो आधी बघायला तर हवा. त्यांनी जो पाहिला त्यातली निम्म्याहून जास्त चित्रं टीव्हीने काढलेली होती. उरलेला अर्धा तास सव्वापट वेगाने. हे म्हणजे रेकॉर्ड चुकीच्या वेगावर लावून गायक बेसूर आहे म्हणण्यासारखं झालं.

---

तिरकस:

हे मान्य. पण फक्त हेच.

---

कानसेन:

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही अजून, म्हणून मी.

‘रोमा’ला पार्श्वसंगीत नाही. एक सूरही नाही. गाणी ऐकू येतात ती कोणाच्या तरी रेडिओवरची, रस्त्यावर वाजणारी. कधी रडायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही. त्याच्या जागी आहेत ते नुसते आवाज: फेरीवाल्यांच्या हाका, शिट्ट्या, विमानं, पाणी, कुत्रा. त्यांचं मिश्रण डॉल्बी ॲटमॉसमध्ये केलंय, म्हणजे कॅमेरा उजवीकडे वळला की जो फेरीवाला समोर ओरडत होता तो डाव्या कानाशी जातो. चौकटीबाहेरचं शहर कानाने बघायचं असतं. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यांतून या सगळ्याचा एकच लगदा बाहेर येतो. संगीत नाही, शहरही नाही, मग कंटाळा येईल नाहीतर काय!

उपाय: टीव्हीला साधे बरे हेडफोन लावा. साउंडबार वगैरे नंतर. ऑडिओच्या यादीत ‘५.१’ (म्हणजे सहा स्पीकरसाठीचा आवाज) निवडलेलं असेल आणि तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर साधं स्टीरिओ करून बघा. सहा वाटांच्या मिश्रणात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरकडे असतात, आणि तो स्पीकर नसला की टीव्ही त्यांची वाटणी कशीबशी करतो. ‘नाइट मोड’ने भुंकणं खाली येईल आणि पुटपुटणं वर येईल, पण या सिनेमाला तो लावू नका, दूर-जवळचा फरकच पुसला जातो.

---

मंदगती:

चिडवून झालं, आता मदत करतो. पुन्हा बघणार असाल तर सबटायटल कोणत्या भाषेची आहेत तेही तपासा. या सिनेमात मालक मंडळी स्पॅनिश बोलतात, क्लेओ आणि तिची सोबतीण आपसात मिश्तेक ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलतात. घरात दोन भाषा आहेत आणि कोण कोणाशी कोणती बोलतं यातच अर्धी गोष्ट आहे. सबटायटलमध्ये मिश्तेक संवाद वेगळे दाखवलेत, तिकडे लक्ष असू द्या. २०१९ च्या जानेवारीत एक गंमत झाली होती. स्पेनमध्ये हा सिनेमा दाखवताना मेक्सिकोच्या स्पॅनिशला स्पेनच्या स्पॅनिशमध्ये सबटायटलं दिली होती. कुआरोन भडकला, आणि ती काढावी लागली.

---

मधल्या_रांगेतली:

तंत्राचं पुरेसं झालं असेल तर एक प्रसंग सुचवते, फक्त तेवढाच पुन्हा बघा. (स्पॉयलर म्हणावं असं त्यात काही नाही.)

सुरुवातीच्या भागात घरातले सगळे रात्री टीव्ही बघत बसलेत. क्लेओ काम करता करता येते आणि सोफ्याच्या बाजूला खालीच टेकते. एक मुलगा तिच्या गळ्यात हात टाकतो. क्षणभर ती घरचीच होते. तेवढ्यात बाईसाहेब तिला साहेबांसाठी चहा आणायला सांगतात आणि ती उठते. कोणी तिला दुखवत नाही, कोणी आवाज चढवत नाही. तिची घरातली जागा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते सोफा आणि जमीन यांच्यातल्या त्या वीतभर अंतरात दिसतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे माझ्याही हातून निसटलं होतं, आणि माझा टीव्ही ठीक होता.

तशीच ती गाडी. साहेब आपली लांबरुंद गाडी चिंचोळ्या वाटेत इंच इंच मोजत घालतात, चाक कुत्र्याच्या घाणीवरून जातं. पुढे तीच गाडी बाई चालवतात तेव्हा काय होतं ते बघा, आणि शेवटी त्या कोणती गाडी घेतात तेही. नवऱ्याबद्दल त्या जे बोलत नाहीत ते सगळं गाडी बोलते. संथ म्हणता तुम्ही, मला तर यात फुकट गेलेली जागाच सापडत नाही.

---

पॉपकॉर्नविना:

गाडीचं भारी! हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

---

कडेची_खुर्ची:

सगळ्यांचे आभार. काल रात्रीचा वृत्तांत देते.

सेटिंग सापडायला वीस मिनिटं लागली. ‘पिक्चर’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात आणखी एक दार. फिल्ममेकर मोड माझ्या टीव्हीत नाही, म्हणून मोशनचं बंद केलं आणि ‘व्हिव्हिड’चं ‘सिनेमा’ केलं. पहिल्या मिनिटाला चित्र पिवळट आणि अंधारं वाटलं, मोडलं की काय असं झालं. मग दिवे घालवले आणि डोळे सरावले. हेडफोन लावले.

सुरुवातीला फरशी धुतात ना, पाण्यात आकाश दिसतं आणि त्यातून विमान जातं? मागच्या वेळी मला तिथे फक्त फरशी दिसली होती. विमान दिसलंच नव्हतं! फोनवर सगळे विमान विमान करत होते तेव्हा मी गप्प होते ते यामुळे.

मधल्या_रांगेतली, तुमचा सोफ्याचा प्रसंग तीनदा पाहिला. जास्त लिहीत नाही.

समुद्राचा प्रसंग मागे मी मोबाइलवर सव्वापट वेगाने उरकला होता. काल कॅमेरा क्लेओबरोबर आडवा पाण्यात शिरत गेला, लाटांचा आवाज दोन्ही कानांत चढत गेला, आणि मी हेडफोनची वायर घट्ट धरून बसले होते. जुना_ऑपरेटर, वेगाबद्दल कान पकडले.

पण तिरकस, तुमच्यासाठी: त्या फर्मीनचे, क्लेओच्या प्रियकराचे, काठ्या फिरवण्याचे प्रसंग मला अजूनही लांबलेले वाटतात. मोठ्या हवेलीतली ती नववर्षाची पार्टी आणि जंगलातली आग हे तर कापलं असतं तरी माझं काही अडलं नसतं. रविवारी हे सांगणार आहे. विमानाचं पण सांगणार आहे.

---

तिरकस:

पार्टीबद्दल सहमत. आगीबद्दल नाही, तिथला तो गाणारा माणूस मला कायमचा हवा आहे.

---

जुना_ऑपरेटर:

आगीच्या प्रसंगावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

---

कडेची_खुर्ची:

एक नवीन अडचण. आज सकाळपासून बाबा कुरकुर करतायत की मॅचमध्ये चेंडू पुसट दिसतोय, टीव्हीला काय केलंस. त्यांना सिनेमा मोडचं सांगितलं तर म्हणाले, ‘मला सिनेमा नाही, मॅच बघायचीये.’ दोघांना चालेल असं काही आहे का?

---

जुना_ऑपरेटर:

आहे. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटचं पिक्चर सेटिंग वेगळं लक्षात राहतं. बाबा मॅच बघतात त्या सेट टॉप बॉक्सच्या इनपुटवर जाऊन ‘स्पोर्ट्स’ लावून द्या, तुमच्या ॲपवर सिनेमा मोड राहू दे. तसं लक्षात राहत नसेल, तर रिमोट ज्याच्या हातात त्याचा मोड.