शब्दचर्चा : 'वर्ल्ड फेडरेशन'ला जागतिक संघराज्य म्हणावे का?

अधांतर :
एका लांबलचक लेखाचे भाषांतर करते आहे. लेखकाचे म्हणणे असे, की जगभरच्या लोकांनी थेट निवडून दिलेली एक संसद असावी. युद्ध, अण्वस्त्रे, हवामान असे मोजकेच विषय तिच्याकडे द्यावेत आणि बाकीचा कारभार देशांनी आपापला बघावा. याला तो 'डेमोक्रॅटिक वर्ल्ड फेडरेशन' म्हणतो, आणि ते उभे राहणार 'ग्लोबल सॉलिडॅरिटी'वर. मी 'लोकशाही जागतिक संघराज्य' आणि 'जागतिक एकजूट' असे लिहून दिले होते. संपादकांनी दोन्हींवर लाल रेघ ओढली. संघराज्य म्हटले की एकच राज्य डोळ्यांपुढे येते आणि लेखकाला तर जगाचे एकछत्री सरकार नको आहे, असा त्यांचा मुद्दा. 'एकजूट' त्यांना मोर्च्यातली वाटते. त्यांचे पर्याय : 'विश्वमहासंघ' आणि 'विश्वबंधुत्व'. 'विश्वमहासंघ' वाचून मला कर्मचारी संघटनेच्या वर्गणीची पावती आठवली. काय करू?

बोरूबहाद्दर :
संघराज्यच ठेवा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकापासून आपण फेडरेशनला संघराज्यच म्हणत आलो. महासंघ म्हणजे कॉन्फेडरेशन, ती चीज वेगळी. अमेरिकेतल्या तेरा राज्यांनी १७८१ साली केला तो महासंघ. त्यांच्या काँग्रेसला कर बसवता येत नसे, सैनिकांचा पगार द्यायचा तरी राज्यांपुढे हात पसरावा लागे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बसून नवी घटना लिहिली, तेव्हा संघराज्य झाले. महासंघाचे हुकूम राज्यांना जातात, संघराज्याचा कायदा थेट माणसाला लागू होतो. तुमच्या लेखकाला थेट निवडलेली संसद हवी आहे ना? मग विषय संपला. संयुक्त राष्ट्रे आज आहेत ते महासंघाच्याही अलीकडे.

नागमोडी :
विषय एवढ्यात संपत नाही, बोरूकाका. स्वित्झर्लंड १८४८ पासून पक्के संघराज्य आहे, तरी अधिकृत नावात अजून 'कॉन्फेडरेशन'च मिरवते. त्यांच्या गाड्यांवरचे 'सीएच' तिथूनच, 'कॉन्फेडेराशिओ हेल्वेटिका' या लॅटिन नावातून आले.

उगाचएक :
आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात भारत हा 'राज्यांचा संघ' आहे. मूळ इंग्रजीत तिथे 'युनियन' आहे, 'फेडरेशन' नाही, आणि ते मुद्दामच. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खुलासा केला होता की हे संघराज्य राज्यांनी आपसात करार करून बनलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही. आता युरोपियन युनियनला आपली वर्तमानपत्रे 'युरोपीय संघ' म्हणतात. तिथून ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला रीतसर बाहेर पडला. एका संघातून निघता येत नाही, दुसऱ्यातून येते. जगाच्या संघातून निघून जाणार तरी कुठे, हा प्रश्न आहेच!

नागमोडी :
कुठे जायचे ते सोडा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बाहेर पडण्याचे कलमच नाही. इंडोनेशियाने जानेवारी १९६५ मध्ये 'आम्ही निघालो' म्हणून कळवले आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तो परत येऊन बसला. नव्याने प्रवेश घ्यायलाही कोणी लावले नाही.

तिरकस :
फेडरेशनच्या पोटात लॅटिन 'फोएडुस' आहे, म्हणजे तह, करार. त्या हिशेबाने शब्द हवा 'करारराज्य'. हलके घ्या, पण पूर्ण हलके नाही. आपल्या 'संघ' शब्दातून कराराचा वासच गेला आहे. संघ म्हणजे जमलेली माणसे : भिक्षूंचा संघ, क्रिकेटचा संघ. कोणी कोणाला काय कबूल केले, हे त्यात कुठेच येत नाही. ब्रिटनमध्ये 'फेडरल' म्हटले की लोकांना ब्रसेल्सची, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाची, दादागिरी ऐकू येते, जर्मनीत त्याच शब्दाचा अर्थ प्रांतांची स्वायत्तता. युरोपीय संघ ज्याने स्थापन झाला त्या मास्ट्रिक्ट कराराच्या मसुद्यातला 'फेडरल' शब्द ब्रिटिशांनी हट्टाने काढायला लावला होता. तेव्हा संपादकांना भ्यायले तर इंग्रजीतही भागणार नाही.

अधांतर :
तिरकस, 'करारराज्य' भाड्याच्या करारासारखे वाटते हो. पण तुमचा मुद्दा पटला. संघराज्य राहू दे म्हणते. सॉलिडॅरिटीचे काय?

शुद्धमती :
'विश्वबंधुत्व' उत्तम आहे, संपादकांचे ऐका. इतका सुंदर शब्द घरात असताना मोर्च्यात कशाला जायचे? 'वसुधैव कुटुम्बकम्' ज्या परंपरेने दिले तिला सॉलिडॅरिटी शिकवायला बाहेरचे कोणी नको.

तिरकस :
शुद्धमतीताई, तो श्लोक हितोपदेशात कोणाच्या तोंडी आहे माहीत आहे ना? कोल्ह्याच्या. हरणाशी दोस्ती करून त्याला खायचा बेत आहे, कावळा सावध करतोय की अनोळख्याला जवळ करू नकोस, तेव्हा कोल्होबा म्हणतात, हा आपला तो परका हे कोत्या मनाचे लक्षण, उदारांना सारी पृथ्वीच कुटुंब. मोठ्या देशाने लहान देशाला 'आपण सारे भाऊ' म्हटले की मला ते हरीण दिसते.

शुद्धमती :
महोपनिषदात तोच श्लोक गंभीरपणे आला आहे, ते सोयीस्करपणे गाळलेत.

बोरूबहाद्दर :
+१ ताईंना, श्लोकापुरते. शब्दाबाबत नाही. बंधुता आपल्या उद्देशिकेत आहे, पण ती 'फ्रॅटर्निटी'साठी. दोन संकल्पनांना एकच शब्द वापरला तर हाच लेखक चार पाने पुढे दोन्ही एका वाक्यात आणेल आणि अधांतरताई अडकतील.

जमाखर्च :
वाचनमात्र असतो, पण इथे राहवले नाही. सॉलिडॅरिटी हा मुळात कर्जाचा शब्द आहे. रोमन कायद्यात अनेक ऋणको 'इन सॉलिडम' बांधले गेले की प्रत्येक जण अख्ख्या कर्जाला जबाबदार. सावकाराने कोणालाही धरावे आणि सगळी रक्कम वसूल करावी. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेत ऋणकोंची 'सॉलिडॅरिते' याच अर्थाने आहे. कामगार चळवळीच्या तोंडी तो नंतर बसला. माझे मामा एकाला जामीन राहिले होते. कागदावर छापील ओळ होती, 'संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार'. मामांनी ती न वाचता सही ठोकली. कर्जदार गाव सोडून गेला आणि हप्ते मामांच्या पगारातून कापले जाऊ लागले. मामी त्या गृहस्थाचे नाव आजही घेत नाहीत. तर सॉलिडॅरिटी ही. भाऊ मानणे निराळे, भावाचे देणे फेडणे निराळे. लेखकाला जगात दुसरे हवे असेल तर 'बंधुत्व' लिहून तुम्ही त्याचे वाक्य फुकट घालवाल.

अधांतर :
जमाखर्च, लेखकाला नेमके तेच म्हणायचे आहे! एका किनाऱ्यावरची माणसे बुडाली तर ते सगळ्यांचे देणे, दयेची मदत नव्हे, असे एक प्रकरणच आहे.

उगाचएक :
पण मग हवामानाच्या वाटाघाटींत नेमके उलटे झाले आहे. १९९२ च्या रिओ परिषदेपासूनचे तत्त्व 'सामाईक पण भिन्न जबाबदारी'. धूर जास्त सोडला त्याने जास्त भरावे. 'इन सॉलिडम' लावले तर मालदीवलाही अख्खे बिल दाखवता येईल. सगळे सगळ्याला जबाबदार, हे ऐकायला छान.

जमाखर्च :
रोमन कायद्यातही ज्याने भरले तो पुढे बाकीच्यांकडून वसूल करू शकतो, त्याच्यासाठी मार्ग असत. आधी बुडणाऱ्याला काढा, हिशेब मागाहून. आणि तो हिशेब करायलाच वर कोणीतरी निवडून दिलेले लागते. तुमच्या दोन शब्दांची गाठ तिथे आहे.

शुद्धमती :
मग 'सहदायित्व' घ्या.

बोरूबहाद्दर :
दायित्व हिंदीतून आलेले. आणि 'सहदायाद' म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला वाटेकरी. देणेकऱ्याच्या जागी वाटेकरी आणून बसवू नका.

शुद्धमती :
'महापौर' आणि 'दिनांक' रुळण्याआधी लोक असेच हसले होते.

नागमोडी :
एकजूटच बरी. जटाजूट मधला 'जूट' आहे ना, पिळून बांधलेले केस. एकजूट म्हणजे अनेक बटांची एक वेणी. मोर्च्याचा काही संबंध नाही.

तिरकस :
जटाजूट खरे, पण एकजूट तिथून आली हे कशावरून? सरळ 'जुटणे' आहे समोर. तुमच्या वेणीत आम्हाला ओवू नका.

उगाचएक :
सगळे विसरलात की 'डेमोक्रॅटिक'चे भाषांतर राहिलेच. 'लोकशाही' विशेषण म्हणून चालते का? आणि लोकशाही कोणती? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९३ देश आणि प्रत्येकाला एक मत : दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूला एक, भारतालाही एक. नुसत्या डोक्यांवर मते दिली तर दोन-तीन देशच सभागृह भरून टाकतील. युरोपच्या संसदेने मधला मार्ग काढला, जर्मनीला ९६ जागा आणि माल्टाला ६, म्हणजे लहानांना डोईप्रमाणे जास्त. १९७९ पासून लोक तिथे थेट मतदान करतात. या 'उतरत्या प्रमाणा'ला धड मराठी शब्द नाही.

बोरूबहाद्दर :
शब्द नंतर, आधी करणार कोण ते बोला. 'चले जाव'च्या ८ ऑगस्ट १९४२ च्या ठरावात स्वतंत्र राष्ट्रांचे जागतिक संघराज्य हवे असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ब्रिटिशांना जा म्हणतानाच आपण जगाशी जोडून घेत होतो. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम १०९ आले, फेरविचार परिषदेचे. १९५५ मध्ये आमसभेने ती योग्य वेळी घ्यायचे ठरवले, ती योग्य वेळ अजून आलेली नाही. घेतली तरी बदलाला सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांची मंजुरी लागणार. एकाचा व्हेटो पुरे.

शुद्धमती :
नकाराधिकार म्हणा.

तिरकस :
गंमत म्हणजे सनदेत 'व्हेटो' शब्दच नाही. कलम २७ मध्ये 'कायम सदस्यांची सहमतीची मते' एवढेच आहे. सहमती मागणाऱ्या वाक्यातून नकार बाहेर आला. अख्ख्या लेखापेक्षा हे भाषांतर अवघड.

नागमोडी :
नकाराधिकार हा 'नाकारणे'वरून ना? मग 'नाकाराधिकार' हवे.

बोरूबहाद्दर :
नकार अधिक अधिकार. सवर्णदीर्घ संधी, आठवीचे व्याकरण. तुम्ही वेणीच घाला.