अनुभव धागा : जीआरई-कॅटचं इंग्रजी तुम्हाला कुठे नडलं?

भाची यंदा जीआरईला (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) बसतेय. परवा फोनवर म्हणाली, "मामा, नुसते शब्द पाठ करून भागतं का रे?" मी परीक्षा दिली २००९ साली. तेव्हा अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि ॲनालॉजी (शब्दजोडीतलं नातं ओळखणं) असायच्या. शब्द ठाऊक नसला की तिथेच खेळ खलास. ऑगस्ट २०११ मध्ये ते दोन्ही प्रकार गेले, गुणांची पट्टीही २००–८०० वरून १३०–१७० वर आली. म्हणजे माझा सल्ला पार शिळा. जीआरई असो की कॅट (आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा), कुठे अडखळलात ते लिहा. गुण नाही सांगितलेत तरी चालेल.

*

कराडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. वही केली होती : डावीकडे शब्द, उजवीकडे इंग्रजी व्याख्या. 'ऑफिशियस' तीनदा लिहिला, तीनदा विसरलो; दर वेळी डोळ्यांसमोर ऑफिसच यायचं. एका रात्री रूमपार्टनर वहीत डोकावून म्हणाला, "म्हणजे चोंबडा की रे!" झालं. दोन वाजेपर्यंत बसलो. ऑब्सिक्वियस लाळघोट्या, क्वेर्युलस किरकिऱ्या, गॅर्युलस बडबड्या, पार्सिमोनियस चिक्कू. प्रत्येकाला गल्लीतला एकेक माणूस नेमून दिला. चिक्कूला अर्थातच घरमालक.

पण याच वहीने दगाही दिला. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, हे कर्जाच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही. सराव परीक्षेत तोच शब्द निर्बंध या अर्थाने आला आणि मी अख्खं वाक्य उलटं वाचलं. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये गाळलेल्या जागेसाठी सहातले दोन पर्याय निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच व्हायला हवा, दोन्ही बरोबर आले तरच गुण. मी आधी पर्यायांत समानार्थी जोडी हुडकायचो. ती पुष्कळदा मुद्दाम पेरलेली असते, वाक्यात बसतच नाही. शेवटी स्क्रीनवरचे पर्याय तळहाताने झाकून गाळलेल्या जागी आधी मराठी शब्द घालायला लागलो. तिथून गाडी रुळावर आली.

*

डोंबिवली ते सीएसएमटी, हातात कार्डांचा गठ्ठा. बसायला मिळालं तर ४० शब्द, नाही तर शून्य. बाकी काही पद्धत नव्हती.

*

माझं कॅटचं. व्हीएआरसीला (इंग्रजी आणि आकलनाचा भाग) २४ प्रश्न, ४० मिनिटं. वाचन भरपूर होतं, शब्दही अडत नव्हते, तरी उताऱ्यांचे प्रश्न चुकायचे. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी एक चुकलेला उतारा पुढ्यात घेतला आणि पेन्सिलीने समासात लिहीत गेले : 'लोक म्हणतात', 'लोक म्हणतात', 'हा म्हणतो'. पहिले दोन परिच्छेद लेखक इतरांचं मत मांडत होता, खोडून काढण्यासाठीच. तिसऱ्यात 'हाउएव्हर' आणि मग त्याचं स्वतःचं. मी पहिल्या परिच्छेदावरून लेखकाचं मत ठरवून मोकळी झाले होते! स्क्रीनला समास नसतो, म्हणून कच्च्या कागदावर नुसतं 'लो' आणि 'हा' लिहायचे. चुकलं तर एक गुण जातो, त्यामुळे दोन पर्यायांत अडकलं की हात थरथरायचा. जीआरईला ही वजावट नाही, भाचीला सांगा, एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

*

आमच्या क्लासने भरभक्कम फी घेऊन जाडजूड पुस्तक दिलं. अर्ध्या पुस्तकात ॲनालॉजी. मी परीक्षा दिली २०१९ मध्ये. वर धागा काढणाऱ्या दादांनी २०११ बद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि माझ्या रागाचा अंदाज करा.

*

ताजा अनुभव. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई दोन तासांच्या आत संपते. व्हर्बलचे (इंग्रजीचे) दोन भाग : १८ मिनिटांत १२ प्रश्न, मग २३ मिनिटांत १५. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. दुसरा भाग जड वाटला तर घाबरू नका. मी घाबरले, एका लांबलचक उताऱ्यावर पाच मिनिटं घालवली आणि शेवटचे तीन प्रश्न अंदाजपंचे ठोकले.

कराडकर दादा, 'टॅसिटर्न'ला काय ठेवलं होतंत? मी 'घुम्या' लिहिलाय.

*

घुम्याच्या पोटात काहीतरी शिजत असतं, टॅसिटर्नचं तसं नाही. मी 'अबोल' ठेवला होता.

*

अहो, मग 'लॅकॉनिक'ला?

*

मोजकं.