आंबोलीसाठी दुर्बीण सुचवा (बजेट ५ हजार)

मुक्ता_ठाणे: नमस्कार मंडळी. जुलैत आंबोलीला जातोय, सोबत पाचवीतला भाचा. शाळेत प्राण्यांचं रंगसाधर्म्य शिकवल्यापासून पठ्ठ्याला लपलेलं काहीतरी स्वतः हुडकायचंय. त्याला दुर्बीण घ्यायची आहे. ८×४२ की १०×५०? बजेट ५ हजार, वर एक रुपया नाही. कॅमेरा सुचवू नका, तो विषय घरात होऊन गेलाय.

घाटवाट: कॅमेराच घ्या. दुर्बिणीतून पाहिलेलं घरी काय दाखवणार? माझ्याकडे मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) आणि रिंग फ्लॅश आहे, हिरव्या चापडा सापाचे खवले मोजता येतील असे फोटो येतात. बजेट जरा ताणा, साठ-सत्तर हजारांत सगळं बसतं.

मुक्ता_ठाणे: जरा??

भिंगवाला_नाशिक: ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते: ८×४२ ला सव्वापाच, १०×५० ला पाच. म्हणजे उजेड दोन्हींत जवळपास सारखाच, पण १०×५० जड, आणि मुलाच्या हातात दहापट चित्र थरथरतं. शिवाय 'क्लोज फोकस' बघा. स्वस्तातल्या १०×५० ला पाच-सहा मीटरच्या अलीकडचं स्पष्ट दिसत नाही. समोरच्या फांदीवरचा बेडूक बघायला तुम्हाला मागे मागे जात दरीत उतरावं लागेल.

त्रस्त_समंध: वॉटरप्रूफ नसेल तर कुठलीच घेऊ नका. मी ऑनलाइन घेतलेली पहिल्याच पावसात आतून धुरकटली. विकणारा म्हणे, 'सर, वाळवून बघा'. तांदळाच्या डब्यात ठेवली. आता तांदळाला वास येतो आणि दुर्बिणीत धुकं तसंच. नायट्रोजन भरलेलीच घ्या, ती ५ हजारांत मिळत नाही.

सावंतवाडकर: ताई, आंबोलीत पावसाळ्यात दुर्बिणीचं काम फारसं नाही. दिवसा धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसेल तर शपथ. खरी मजा रात्री, आणि सगळं हातभर अंतरावर. पैसे टॉर्चवर घाला. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरायचा, म्हणजे बेडकाच्या आणि कोळ्याच्या डोळ्यांतली चमक परत तुमच्याच डोळ्यांत येते. कमरेजवळ धरलात तर काही दिसणार नाही. सापाचे डोळे असे चमकत नाहीत, त्याला आकारावरून शोधावं लागतं. मलबारी चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळा-केशरीही असतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. पानं वाऱ्याने हलतात, तो हलत नाही. एकाच फांदीवर दिवसच्या दिवस भक्ष्याची वाट बघत बसतो. विषारी आहे, मुलाला हाताने फांदी बाजूला करू देऊ नका. स्थानिक गाईड घ्या, परवानगी कुठे लागते तेही तोच सांगेल.

घाटवाट: हेच म्हणत होतो. रात्री जवळून, म्हणजे मॅक्रो.

पक्षीवेडा_६७: रंगसाधर्म्यच बघायचं तर केरळात थट्टेकाडला जा. सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे. फ्रॉगमाउथ पक्ष्यांची जोडी दिवसा फांदीवर चिकटून बसते, नर करडा, मादी तांबूस, दोन वाळकी पानं अडकल्यासारखी. गाईडने बोट दाखवूनही आमच्यातल्या अर्ध्यांना दिसली नाही. मला लगेच दिसली. स्वारोव्स्कीची महागडी दुर्बीण होती म्हणा.

मुक्ता_ठाणे: दादा, ठाण्याहून केरळ?

दुपारची_झोप: आंबोलीत शॅमेलियॉन (घोयरा सरडा) दिसला तर त्याला लाल रुमालावर ठेवा, लाल होतो. पोरं खूश.

जीवशास्त्र_बीएस्सी: कृपया असलं काही करू नका. घोयरा सरडा रुमाल बघून रंग बदलत नाही. त्याचा रंग मुख्यतः मूड, ऊन आणि समोरचा दुसरा सरडा यांवर ठरतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलियॉनवर दाखवलं की कातडीतल्या पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. शांत असताना ते जवळजवळ असतात, नर चवताळला की त्यांच्यातलं अंतर वाढतं, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो आणि हिरव्याचा पिवळा होतो. म्हणजे लपायच्या वेळी नाही, उलट मिरवायच्या वेळी.

दुपारची_झोप: आमच्या गावी व्हायचा लाल.

जीवशास्त्र_बीएस्सी: रागाने झाला असेल.

त्रस्त_समंध: मग वाघ भडक केशरी का? त्याला लपायचं नसतं का?

जीवशास्त्र_बीएस्सी: तो आपल्याला केशरी दिसतो. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या, त्यांना केशरी आणि हिरवा जवळपास एकच. पट्ट्यांनी शरीराची कडा मोडते ते वेगळंच.

पक्षीवेडा_६७: ताडोब्यात माझ्या जिप्सीपासून पंधरा फुटांवर...

भिंगवाला_नाशिक: धागा दुर्बिणीचा आहे.

शीलाकाकू_डोंबिवली: मुक्ता, कशाला एवढा खर्च? कुंडीतला कढीपत्ता बघ. आमच्याकडे दर पावसाळ्यात त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसतं. शीट नव्हे, कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी! लहान असेतो काळी-पांढरी, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. डिवचलीस तर डोक्यामागून लाल शिंगं काढते आणि घाण वास सोडते. लिंबावर पण येते. मी आधी पुसून टाकायचे, आता आमटीला कढीपत्ता बाजारातून आणते.

सावंतवाडकर: काकू +१. आंबोलीला येण्याआधी पोराची नजर यावरच तयार करा.

रात्रपाळी: टॉर्च घ्या. वर कोणी सांगितलं का माहीत नाही. अतिनील टॉर्चही स्वस्तात मिळतो, ३९५ नॅनोमीटरचा चालतो. दगडासारखा दगडावर बसलेला विंचू त्यात हिरवानिळा चमकतो. फक्त डोळ्यांवर मारू नका.

भिंगवाला_नाशिक: थोडक्यात, ८×४२ वॉटरप्रूफ. बजेटमध्ये हवी तर जुनी बघा, भिंगावर बुरशी नाही ना तेवढं तपासून.

मुक्ता_ठाणे: सगळ्यांचे आभार. काल दुकानात गेलो होतो. ८×४२ दाखवली, तर भाच्याने १०×५० गळ्यात अडकवली ती काढेचना. ४,२०० ला पडली. वॉटरप्रूफ नाही, जड आहे, आणि भिंगवाला म्हणतात तसं जवळचं खरंच दिसत नाही, दुकानातच बघितलं. उरलेल्या आठशेत हेडटॉर्च घेतला, तो माझ्यासाठी. आंबोलीत टॉर्चवर भागवू आणि दुर्बीण डिसेंबरात इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर नेऊ. तिथे दिवसा जमिनीवर बसलेला रातवा पक्षी दिसतो म्हणतात.

भिंगवाला_नाशिक: मग विचारता कशाला?

पक्षीवेडा_६७: रातवा अगदी पायाशी येईपर्यंत उडत नाही. तिथे दुर्बीण नको, खाली बघून चाला. घरटं नसतं, अंडी उघड्या मातीवर असतात.

घाटवाट: आठशेचा हेडटॉर्च कुठला? लिंक द्या.

त्रस्त_समंध: पाऊस लागला की तोही धुरकटेल.