विषय: धाब्यावरची (गच्चीवरची) सौर वीज: अनुदानाच्या आकड्यापलीकडे बघू या

प्रेषक: कारेलीबाग, बडोदा

सप्रेम नमस्कार मंडळी,

रविवारी मंडळाच्या बैठकीत घरांवर आणि आपल्या सभागृहावर सोलर बसवण्याचा विषय निघाला आणि "उत्तर प्रदेश बघा किती देतं, गुजरात वरून एक पैसा देत नाही" या वाक्याशी अडला. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. माझी सारी नोकरी वीज बोर्डात, बिलांच्या हिशेबात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

आधी केंद्राचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. म्हणजे तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,०००, त्यापुढे काही नाही. ईशान्येकडची आणि डोंगराळ राज्यं व बेटं यांना थोडं जास्त मिळतं, ती सोडली तर हे देशभर सारखंच. त्यावर उत्तर प्रदेश किलोवॉटमागे १५,००० घालतं, जास्तीत जास्त ३०,०००. ओडिशा तीन किलोवॉटला ६०,००० घालतं. दिल्लीनेही २०२५ मध्ये ३०,००० जोडले, शिवाय तिथल्या धोरणात तीन किलोवॉटपर्यंतच्या घराला तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे ३ रुपये पाच वर्षं मिळतात. मला हे दिल्लीचं सगळ्यात आवडलं. पॅनेल नुसतं बसवून भागत नाही, ते चालतं ठेवावं लागतं, धुवावं लागतं, तरच पैसे.

आता प्रश्न असा की वरून एवढे पैसे न घालता २०२५ मध्ये या योजनेत सगळ्यात जास्त घरं गुजरातची कशी? माझ्या मते याचं उत्तर २०१९ च्या सूर्य गुजरात योजनेत आहे. तेव्हा तीन किलोवॉटपर्यंत ४० टक्के अनुदान होतं आणि त्या काळात गावोगावी बसवणारे तयार झाले, वीज कंपनीच्या कचेऱ्यांना मीटर बदलायची सवय लागली, आणि शेजाऱ्याचं बिल बघून शेजारी तयार झाला. त्यात आपल्याकडे टेनामेंट (एकेका कुटुंबाची स्वतंत्र घरं) फार, वर सपाट धाबं, मालक एकच. केंद्राची योजना आली तेव्हा गुजरातची वाट आधीच मळलेली होती. राज्याची मदत मी यात धरते, ७८,००० वर किती घातले यात नाही.

पण गुजरातची दुखरी बाजूही सांगते, कारण ती बिलात रोज बघितली आहे. आपलं बिल दोन महिन्यांचं. त्या दोन महिन्यांत वापरापेक्षा जास्त वीज ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांत) गेली, तर उरलेली युनिटं कंपनी २.२५ रुपयांनी घेते आणि हिशेब तिथेच संपतो. डिसेंबर-जानेवारीत पंखे बंद, एसी बंद, वीज उरते. ती सव्वादोनला जाते आणि मे महिन्यात तीच वीज आपण सात-आठ रुपयांनी विकत घेतो. पुण्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे उरलेली युनिटं पुढच्या बिलात जातात, पण ३१ मार्चला खातं पुन्हा शून्यावर. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! वर्षाचा शेवट सप्टेंबरात धरला असता तर हिवाळ्याची शिल्लक उन्हाळ्यात कामी आली असती. एका तारखेचा प्रश्न आहे, सरकारच्या तिजोरीला त्याची मोठी झळ नाही, आणि तरी कुणी तो लावून धरत नाही.

बहिणीला एक फायदा मात्र आहे. महाराष्ट्रात १०० युनिटांच्या पुढे दर दहा रुपयांच्या वर, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक युनिट आपल्यापेक्षा मोलाचं. पैसे लवकर फिटतात.

लांबलं. बाकीच्यांनी आपापल्या गावचं लिहावं.

आपली,
आत्या

⁂

प्रेषक: इंदूर

आत्या, नमस्कार.

आमच्याकडे गोष्ट वेगळीच आहे. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृहज्योती योजनेत (आधीचं नाव इंदिरा गृहज्योती) महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहिलं की पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपये. ज्याला एवढ्यात वीज मिळते तो लाख-दीड लाख कशाला घालील? आई एकटी राहते, तिला मी सोलर घे म्हणून तीनदा सांगून पाहिलं, ती बिल दाखवून गप्प करते. आणि तिचं बरोबर आहे. स्वस्त वीज आणि छतावरची वीज ही एकाच सरकारची दोन कामं एकमेकांच्या वाटेत येतात. राजस्थानने निदान मोफत युनिटांची सांगड पॅनेलशी घालायला घेतली आहे, आमच्याकडे ते व्हायला हवं.

कौतुक करायचं तर महापालिकेचं करीन. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. नर्मदेचं पाणी तिथून उपसून इंदूरला चढवायचं तर विजेचं बिल महिन्याला कोट्यवधींत जातं. रोखे सामान्य माणसालाही घेता आले. आमच्या घरात दोघांनी घेतले. राज्य म्हटलं की भोपाळ-गांधीनगरकडेच बघायचं, असं नाही.

भाऊ

⁂

प्रेषक: मेलबर्न

आत्या, साष्टांग नमस्कार.

मी बडोदं सोडून चौदा वर्षं झाली, पण हा विषय इथेही घरोघरी चालतो, म्हणून लिहितोय. ऑस्ट्रेलियात ४० लाखांहून जास्त छतांवर पॅनेल आहेत आणि राज्याराज्यांत फरक भारतासारखाच.

क्वीन्सलँडने २००८ मध्ये ग्रिडला दिलेल्या युनिटाला ४४ सेंट कबूल केले. इतके अर्ज आले की २०१२ मध्ये नव्यांसाठी दार बंद केलं. पण ज्यांना कबूल केलं होतं त्यांना २०२८ पर्यंत देणार म्हणाले आणि देतायत. तो बोजा शेवटी छत नसलेल्यांच्या बिलावर गेला, हे विसरता येत नाही. तरी दिलेला शब्द पाळला याचा मान राहतो. आमच्या व्हिक्टोरियाने दुसरी वाट धरली. बसवतानाच १,४०० डॉलरपर्यंत सूट आणि तेवढंच बिनव्याजी कर्ज. भाड्याचं घर देणाऱ्या मालकालाही सूट मिळते. परत दिलेल्या विजेचा किमान दर मात्र २०२४-२५ मध्ये ३.३ सेंटवर आला आणि आता जवळपास काहीच नाही.

कारण साधं आहे: दुपारी बाराला सगळ्यांचीच छतं वीज ओततात, घ्यायला कुणी नसतं. म्हणून आम्ही कपडे, भांडी, गरम पाणी सगळं दुपारी उरकतो. बडोद्यालाही आज ना उद्या हे येणार. सव्वादोन रुपये वाढवून मागण्यापेक्षा घरची वीज घरातच दुपारी कशी वापरता येईल ते बघा, असं मला मनापासून वाटतं.

तुमचा भाचा

⁂

प्रेषक: दांडिया बाजार, बडोदा

ताई,

सगळं वाचलं. पण हे सगळं ज्यांचं धाबं आहे त्यांचं झालं. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं, चार हिस्सेदार, त्यातले दोन परगावी, आणि वर कौलं. अर्जात मालक म्हणून सही कुणी करायची? रोज अकोटा पुलावरून जाताना डोक्यावर पालिकेची पॅनेलं दिसतात. जिल्ह्यात नर्मदेच्या कालव्यावर दहा मेगावॉट बसवलेत, २०१५ मध्ये उद्घाटनाला बान की-मून आले होते. कालव्याला छत मिळालं, आम्हाला अजून वाट बघावी लागते.

दिल्लीत एका जागी बसवलेल्या संचाची वीज अनेक मीटरांवर वाटून घ्यायची सोय आहे. आमच्यासारख्यांना तेच पाहिजे. अनुदानाचा एक रुपया नका देऊ, फक्त तेवढा नियम सोपा करून द्या. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापरणाऱ्या घरांसाठी वेगळी मदत काढली, तेही मला पटलं. लहान घराचा विचार कुणीतरी केला.

⁂

प्रेषक: कारेलीबाग, बडोदा

वहिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बोर्डात असताना मी मीटर मोजत होते, माणसं नाही, हे आज जाणवलं. वाड्यांचा मुद्दा मी पहिल्या पत्रात घ्यायलाच हवा होता.

भाच्याचंही खरं. या आठवड्यापासून गिझर सकाळी सहाऐवजी अकराला लावून बघते.

एक गोष्ट राहिली, आणि ती नव्याने बसवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) जिन्याखाली होता. बसवणाऱ्याने वायर वाचवायला तिथे लावला होता, मीही हरकत घेतली नव्हती. तो गेला. वरची पॅनेलं धडधाकट, खाली अंधार. आणि इन्व्हर्टर वाचला असता तरी त्या दिवसांत वीज मिळाली नसती, कारण ग्रिड बंद पडली की असा संच आपणहून थांबतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाला उलटा झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. हे मला ठाऊक होतं, शेजारच्या तीन घरांना नव्हतं. कुणाही सरकारच्या जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात नसतं. पुराचा फटका बसणाऱ्या गावात तरी ते असायला हवं, आणि इन्व्हर्टर पहिल्या मजल्याच्या वर लावण्याची अट अनुदानाला जोडायला हवी. पॅनेलच्या सांगाड्याची उंचीही बघून घ्या. आमचा सात फुटांवर आहे, म्हणून उत्तरायणाला मुलं अजून धाब्यावर पतंग उडवतात.

मंडळाच्या सभागृहाचं म्हणाल तर सूर्यघर योजना घरगुती जोडणीसाठी आहे, ट्रस्टच्या इमारतीला ७८,००० मिळणार नाहीत. तिथे दिवसा बालवर्ग आणि वाचनालय चालतं, तेव्हा जेवढी वीज दिवसा लागते तेवढाच संच घ्यावा असं माझं मत. सोसायटीत राहणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा: लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० मिळतात.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी सभागृहात आहे. ज्यांना हिशेब करून हवा त्यांनी वर्षाची सहाच्या सहा बिलं आणावीत, एकच आणू नका, हिवाळा-उन्हाळा दोन्ही लागतात. वहिनी, तुम्ही वाड्याचे कागद आणा. वीज नियामक आयोगाला द्यायचं निवेदन आपण दोघी मिळून लिहू. हिस्सेदारांपैकी जे परगावी आहेत त्यांची संमतीपत्रं कशी मागवायची तेही त्याच दिवशी ठरवू.

आत्या