ड्रमचा स्मोकर घरीच करायचाय, कुणी केलाय का?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. आमचं गाव भिलवडीजवळ. कोंबड्या घरच्या, नदीचा मासा मिळतो. कालवण, रस्सा, तंदूर सगळं होतं, आता धुरावर शिजवलेलं करायची हौस आलीय. तयार स्मोकरची किंमत बघून बायको म्हणाली, एवढ्यात शेळी येते. म्हणून 200 लिटरचा लोखंडी ड्रम आणावा म्हणतो. शेजाऱ्यांनी जुनी द्राक्षबाग काढलीय, खोडं बांधावर पडलीत. ती जाळली तर चालतील का? आणि असा मासा फ्रिजबाहेर महिनाभर टिकतो म्हणतात, खरं का?

वेल्डिंगवाला_मिरज: शेळी नंतर घ्या, आधी ड्रमचं बोलू. भंगारातला ड्रम घेताना आत काय होतं ते विचारा. औषधाचा, रंगाचा, केमिकलचा असेल तर फुकट दिला तरी नको. खाण्याच्या तेलाचा, आणि अख्खं झाकण रिंगने निघतं तसला बघा. बुचाचा बंद ड्रम गॅस कटरने कापायच्या भानगडीत पडू नका. रिकामा दिसला तरी आत वाफ साठलेली असते, ठिणगी पडली की फुटतो. आमच्या लाईनीत ही गोष्ट पोरांना पहिल्या दिवशी सांगतात.

आतून पिवळट किंवा तांबूस लेप असतो. तो मोकळ्या रानात लाकडाचा दणकून जाळ करून पूर्ण जाळायचा, मग तारेच्या ब्रशने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं. धुराच्या वाऱ्याला उभं राहू नका.

बुडापासून दोन इंचावर इंचभराची चार भोकं पाडा, त्यातल्या तिनांवर फिरणारी पट्टी बसवा. झाकणावर तेवढीच भोकं. निखारा टोपलीत ठेवायचा आणि जाळी त्याच्यापासून दोन फूट वर. जाळी स्टेनलेसच्या सळ्यांचीच. खुराड्याची जाळी किंवा जीआय पत्रा आत घालू नका, तापला की जस्ताचा धूर निघतो. जाळीच्या उंचीला घड्याळाचा थर्मामीटर लावा. काटा 110 च्या आसपास राहिला पाहिजे. वर गेला की खालची पट्टी सरकवून हवा कमी करायची. झाकण उघडून बघत बसलात तर हवा मिळून निखारा भडकतो आणि तुमचा ताळमेळ गेला.

बागाईतदार_तासगाव: खोडांबद्दल मी सांगतो. द्राक्षाच्या लाकडाचा धूर चांगला लागतो. पण छाटणीच्या काड्या अजिबात नको, त्यांच्यावर मोरचूद आणि बाकीची औषधं बसलेली असतात. जाड खोडच घ्या, साल सगळी सोलून काढा, फोडून पावसाळ्याआधी वाळवा. एवढा खटाटोप नको असेल तर आंबा, पेरू किंवा जांभूळ घ्या आणि निखाऱ्याला बाभळीचा कोळसा. कडुनिंब नको. धूर दाट पांढरा येत असेल तर घाई करू नका, तसला धूर मासा कडू करतो. पातळ, निळसर झाला की मगच माल ठेवा.

कृष्णाकाठ: लय भारी माहिती. मरळीपासून सुरुवात करू का? आणि टिकण्याचं?

वेल्डिंगवाला_मिरज: मरळीला चरबी कमी, हात बसेपर्यंत लाकूड होईल. आधी पंगस नाहीतर बांगडा घ्या. बांगडा घरी येईपर्यंत बर्फातच हवा. गरम्यात पडून राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं, ते धुरानं किंवा शिजवून जात नाही.

लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम मीठ, त्यात मासा तासभर फ्रिजमध्ये. काढून पुसा, पंख्याखाली बोट चिकटेल असा कोरडा होऊ द्या. हे टाळलं तर धूर नीट बसत नाही, वर काळे डाग पडतात.

टिकण्याचं म्हणाल तर महिनाभराचं डोक्यातनं काढा. आपण धुरावर शिजवतोय, सुकवत नाही. लगेच खायचं, नाहीतर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. थंड धुराची पद्धत वेगळी, तिथं 30 अंशांच्या आत राहावं लागतं. सांगलीच्या एप्रिलात ते कसं जमायचं? शिवाय मिठाचं प्रमाण चुकलं तर विषबाधा, तेव्हा नकोच.

घाटवाट_पाटण: एकच भर. कोंबडीला आत खुपसायचा वेगळा थर्मामीटर घ्या. मांडीत हाडाजवळ, पण हाडाला न टेकवता, 74 अंश दिसले पाहिजेत. माशाला 63 पुरतात. धुरानं मांस आतून गुलाबी राहतं, त्यामुळे रंगावरून कच्चं-शिजलेलं कळत नाही. आणि कातडी वातड लागली तर शेवटी उघड्या निखाऱ्यावर उलटी करून दोन मिनिटं धरा.

कृष्णाकाठ: रविवारी भंगारवाल्याकडं जातो. बायकोनं सांगितलंय, पहिला बांगडा तिच्या माहेरी.