आपल्याकडच्या गेमचा रिव्ह्यू हातचं राखून लिहायचा का?

कंट्रोलर_मिरज

नमस्कार मंडळी, मराठीतून गेमचे रिव्ह्यू लिहायला सुरुवात करायचीय आणि पहिला रिव्ह्यू 'राजी : ॲन एन्शंट एपिक' वर लिहावा असं ठरवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी बनवलेला, २०२० च्या ऑगस्टमधे आधी निन्टेंडोच्या स्विचवर आणि दोनेक महिन्यांनी पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला.

गेम मला मनापासून आवडला. राजस्थानी किल्ल्यासारखे सज्जे, हाताने रंगवल्यासारख्या भिंती, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट, राखीच्या दिवशी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली सर्कसमधली पोरगी, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलतायत. हे सगळं एका गेममधे बघून खूप भारी वाटलं. पण फायटिंग काही वेळाने तेच तेच होतं, कॅमेरा आपल्या हातात नसल्यामुळे कधी कधी उडी कुठे मारायची तेच कळत नाही, आणि शेवट तर असा की आता गोष्ट रंगात येणार असं वाटतं तेवढ्यात क्रेडिट्स सुरू.

हे सगळं ड्राफ्टमधे लिहिलं आणि एका मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, अरे आपल्याकडे असे गेम बनतात तरी किती, त्यात आपणच असं लिहायला लागलो तर पुढे कोण पैसे घालेल. तेव्हापासून ड्राफ्ट तसाच पडलाय. काय करू? आणि दहापैकी मार्क द्यायचे का?

संध्याकाळची_स्पॉन

बिनधास्त लिही. वाचणारा आपले पैसे घालणार आहे, त्याला खरं काय ते कळायला पाहिजे. बाकी नंतर.

जुना_कार्ट्रिज

मित्रा, तुझ्या मित्राचं म्हणणं मला कळतं, पण हातचं राखून कौतुक केल्याने काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. फौजी (FAU-G) हा मोबाईल गेम आठवतोय का? सप्टेंबर २०२० मधे पब्जी मोबाईलवर बंदी आली, त्याच आठवड्यात याची घोषणा झाली, आणि २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. आला तेव्हा त्यात गलवान खोऱ्यातली एक कॅम्पेन होती, बहुतेक मारामारी हाताने नाहीतर पडलेली हत्यारं उचलून, आणि पब्जीसारखं शेवटचा उरेल तो जिंकला असं बॅटल रॉयल नव्हतंच. प्ले स्टोअरवर मग दोनच प्रकारचे रिव्ह्यू. एका बाजूला भारत माता की जय लिहून पाच स्टार, दुसऱ्या बाजूला पब्जीसारखा नाही म्हणून एक स्टार, आणि रेटिंग झपाट्याने घसरलं. त्या ढिगात, पंच मारल्यावर समोरच्याला लागल्यासारखं वाटतं का, शत्रू एकेक करून का येतात, चेकपॉइंट बरोबर जागी आहेत का, असं लिहिणारे शोधायला लागायचे. बनवणाऱ्याला पाच स्टारवाल्यांकडून काही शिकता आलं नाही आणि एक स्टारवाल्यांकडूनही नाही.

आता राजीकडे बघ. २०१७ मधे किकस्टार्टरवर (लोकांकडून वर्गणी गोळा करायची साइट) पैसे उभे राहिले नाहीत तरी त्या टीमने गेम पूर्ण केला, आणि २०२० च्या गेम अवॉर्ड्समधे बेस्ट डेब्यू गेमसाठी नॉमिनेशन मिळालं. तरी बाहेरच्या रिव्ह्यूंमधे तू म्हणतोस तेच मुद्दे होते, फायटिंग, कॅमेरा, घाईतला शेवट. मग २०२२ मधे एनहान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती आली आणि त्यात नेमकं ॲनिमेशनवर आणि फायटिंगवर परत काम केलेलं, वर हिंदी आवाजही दिले. कुठल्या एका रिव्ह्यूमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण सगळे नुसतं वाहवा करत बसले असते तर काय सुधारायचं हे त्यांना बाहेरून कोणी सांगितलं असतं? त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल जरूर लिही, पण 'कॅमेरा खराब आहे' एवढ्यावर सोडू नकोस, कुठल्या ठिकाणी, कुठली उडी, काय दिसलं नाही ते लिही.

बिल्ड_फेल

मी एका छोट्या स्टुडिओत काम करते (आमचा गेम वेगळा, राजीशी काही संबंध नाही) म्हणून दुसरी बाजू सांगते. लेखातल्या टीकेची आम्हाला भीती नसते, उलट टीममधे तो लेख सगळे वाचतात आणि त्यावर तावातावाने बोलतात. भीती असते ती स्टीमच्या (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) अंगठ्याची. तिथे मार्क नसतात, शिफारस करता की नाही एवढंच, हो किंवा नाही. दहा रिव्ह्यू जमेपर्यंत गेमच्या नावाखाली एकूण मत दिसतच नाही, आणि मग 'हो' म्हणणारे ७० टक्क्यांच्या खाली गेले की 'मिक्स्ड', म्हणजे संमिश्र, असा शिक्का. मोठ्या गेमला लाखभर रिव्ह्यू येतात, त्यात पाचपन्नास रागावलेले खपून जातात. आमच्यासारख्याला एकूण तीस आले तर त्यातले दहा फक्त 'लहान आहे' म्हणून उलटा अंगठा दाखवणारे असले की संपलं, लोक पानावर येऊन खालचं काही न वाचता परत जातात.

म्हणून माझी विनंती एवढीच की लेखात जे खरं ते सगळं लिही, हातचं अजिबात राखू नकोस, पण अंगठा देताना स्वतःला विचार की हा गेम माझ्या बहिणीला किंवा मित्राला घ्यायला सांगेन का. सांगणार असशील तर अंगठा वर आणि तक्रारी मजकुरात. नसशील तर खाली, त्यात आम्हाला वाईट वाटायचं कारण नाही.

कंट्रोलर_मिरज

@बिल्ड_फेल ताई, हे माहीतच नव्हतं, थँक्यू. राजी मी कोणालाही घ्यायला सांगेन, त्यामुळे अंगठा वरच. @जुना_कार्ट्रिज दादा, त्या एका ठिकाणी परत जाऊन खेळतो आणि नीट लिहितो. मार्कांचं मात्र अजून कळत नाहीये, दहापैकी सात दिले तर लोक वाईट गेम समजतात.

दुपारचा_बॉस

मार्क देऊ नकोस. सात म्हणजे चांगला गेम असायला हवा पण गेमच्या दुनियेत सातला कोणी विचारत नाही, सगळी मारामारी आठ ते दहाच्या मधे. त्यात आकड्यावर लोकांचा पैसा अडकलेला असतो. फॉलआउट न्यू व्हेगसची गोष्ट प्रसिद्धच आहे, मेटाक्रिटिकवर (सगळ्या रिव्ह्यूंच्या मार्कांची सरासरी दाखवणारी साइट) ८५ झाले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता आणि झाले ८४. एक मार्क! तो गेम आज पण लोक डोक्यावर घेतात. युरोगेमरसारख्या साइटने २०१५ मधे मार्क बंदच केले होते, पुढे २०२३ मधे पाच स्टारची पद्धत आणली ती गोष्ट वेगळी.

जुना_कार्ट्रिज

मी थोडा असहमत. आकडा द्यायचा असेल तर दे, फक्त तो दबावाखाली देऊ नकोस. २००७ मधे गेमस्पॉट या साइटच्या जेफ गर्स्टमनने केन अँड लिंच या गेमला दहापैकी ६ दिले, तेव्हा त्याच साइटवर त्या गेमच्या जाहिराती भरभरून लागलेल्या होत्या, आणि काही दिवसांत त्याची नोकरी गेली. गेमची कंपनी जाहिरातीवरून नाराज होती आणि वरचे लोक त्या दबावापुढे झुकले, हे त्याने स्वतः २०१२ मधे उघड सांगितलं. तुझ्यावर जाहिरातीचा दबाव नाही, तुझ्यावर 'आपला गेम' हा दबाव आहे, तो प्रेमातून आलाय म्हणून जास्त कठीण. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हीत फरक काय? त्याला शेवटी खोटा आकडाच मिळतो.

संध्याकाळची_स्पॉन

एक राहिलंच. कशावर खेळलास ते सगळ्यात वर लिही, पीसी की स्विच, पीसी असेल तर कुठलं ग्राफिक्स कार्ड, आणि पहिली आवृत्ती की एनहान्स्ड. सायबरपंक २०७७ च्या वेळी काय झालं बघ, डिसेंबर २०२० मधे गेम यायच्या आधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीची कॉपी दिली, नव्वदीतले मार्क बघून लोकांनी पीएस४ साठी आगाऊ पैसे भरले, आणि पीएस४ वर गेम इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने स्टोअरमधून काढून टाकला, परत यायला पुढचा जून उजाडला. ज्यांनी रिव्ह्यू लिहिले ते खोटं बोलत नव्हते, पण वाचणाऱ्याच्या मशीनवर काय होईल ते त्यांना माहीतच नव्हतं. आपल्याकडे अजून कित्येक जण जुन्या लॅपटॉपवर खेळतात, त्यांच्यासाठी तर हीच माहिती सगळ्यात महत्त्वाची, मार्कांपेक्षा पण.

आणि गेम विकत घेतलास का कंपनीकडून फुकट 'की' (गेम चालू करायचा कोड) मिळाली ते पण. स्टीमवर बाहेरून मिळालेल्या अशा 'की'वरचे रिव्ह्यू २०१६ पासून एकूण मतात धरत नाहीत, त्याला कारण आहे.

बिल्ड_फेल

+१, सगळ्याला. आणि किती तास खेळून लिहितोयस ते. राजी चार-पाच तासांत संपतो, त्यामुळे पूर्ण खेळूनच लिही, कारण ज्या शेवटाबद्दल तुझी तक्रार आहे तो बघितल्याशिवाय ती करता येणार नाही. फक्त शेवटात काय होतं ते सांगू नकोस प्लीज, घाईत का वाटतो एवढंच सांग.

एक अजून, चांगलं काय ते पण तितक्याच बारकाईने लिही ना. 'आर्ट भारी आहे' असं सगळेच लिहितात. राजी भिंतीवर पळत जाऊन वरून वार करते, खांब धरून गरगर फिरत मारते, सर्कसमधली मुलगी असल्याचं तिच्या लढण्यात दिसतं, हे कुणी मराठीत लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. असं एखादं वाक्य वाचलं की ज्याने ते ॲनिमेशन रात्री जागून केलंय त्याला कळतं की कुणीतरी बघितलं.

कंट्रोलर_मिरज

झालं, ठरलं. मार्क नाही देत. वरती पीसी, कार्ड, एनहान्स्ड एडिशन, स्वतःच्या पैशाने घेतलेला, पूर्ण खेळून, एवढं लिहितो. मग खांबाचा आणि भिंतीचा भाग, मग कॅमेरा त्या नेमक्या जागेसकट, आणि शेवटाबद्दल स्पॉयलर न देता. मित्राला पण हा धागा पाठवलाय, त्याचं म्हणणं इथेच मांड म्हणलंय. रविवारपर्यंत टाकतो, जिथे नुसतंच आवडलं किंवा नाही आवडलं असं लिहिलेलं सापडेल तिथे धरा मला.