शोजो मांगा इंग्रजीत: जुन्या प्रती घ्याव्यात की नव्या?

वाचनवेडी: शोजो मांगाला, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी कॉमिक्सना, अमेरिकेत एवढा वाचक मिळाला कसा? आणि त्यातली 'सेलर मून' ही मालिका इंग्रजीत घ्यायची तर कोणती आवृत्ती?

कागदफूल: खरं कारण दुकान. तिथली कॉमिक्सची दुकानं सुपरहिरोंची, गिऱ्हाईक बहुतेक मुलगे. टोकियोपॉप या प्रकाशन संस्थेने २००२ पासून ९.९९ डॉलरची छोटी पुस्तकं नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानांत भरली. तिथे मुलींचा राबता आधीपासूनच होता. २००५ मध्ये व्हिझ या दुसऱ्या प्रकाशन संस्थेने 'शोजो बीट' मासिक काढलं. ते २००९ मध्ये बंद झालं, पण त्या नावाने पुस्तकं अजून निघतात.

निळी शाई: 'सेलर मून' कोडान्शा या प्रकाशन संस्थेची, २०११ पासूनची घ्या. ती मूळ जपानीसारखी उजवीकडून डावीकडे वाचायची. नव्वदीतल्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत डावीकडून वाचता यावं म्हणून चित्रं आरशातल्यासारखी फिरवली होती. त्याने सगळंच बिघडतं: उजव्या हाताने लिहिणारी मुलगी डावखुरी होते, किमोनोची उजवी बाजू वर येते. जपानमध्ये तसा किमोनो फक्त मृताला नेसवतात!

वाचनवेडी: पण उजवीकडून वाचताना चौकटीच सापडत नाहीत.

निळी शाई: शोजोत चौकटी मुद्दाम मोडलेल्या असतात. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या संवादाच्या फुग्यापासून सुरू करा, डावीकडे जा, मग खाली. तीन चौकटींवर पसरलेली उभी आकृती क्रमात धरू नका, ती त्या पानाची मनःस्थिती सांगते. फुग्याबाहेरचं बारीक हस्ताक्षर मात्र सोडू नका, विनोद बरेचदा तिथेच असतो.